नकाशात नसलेला फणस

बुधवारी दुसरा तास संपायला पाच मिनिटं असताना शाळेचा शिपाई मष्णू वर्गाच्या दारात आला आणि चपला काढायचा कंटाळा म्हणून उंबऱ्यावरूनच हात लांबवून त्यानं कागदाची गुंडाळी टेबलावर ठेवली. "हेडमास्तरांनी पास केलं, मास्तर. लई आवडलं म्हनाले," असं म्हणून तो घंटेकडे निघून गेला. परशरामनं गुंडाळी उलगडली. उजव्या कोपऱ्यात लाल शाईनं 'ठीक' लिहिलं होतं आणि त्याखाली हेडमास्तर मारुतीरावांची सही. त्याची नजर कागदावरून आपोआप सरकत पश्चिमेच्या बांधावर जाऊन थांबली. तिथं कुंपण होतं, कुंपणाच्या आत विहिरीचा छोटा गोल होता, बांधाची तुटक रेघ होती, आणि जिथं फणस हवा होता तिथं कोरा कागद होता. मारुतीरावांनी तो पाहिला नव्हता. शाळेच्या कमिटीतल्या तिघांनी पाहिला नव्हता. मष्णू धरून पाच माणसांच्या हातून नकाशा फिरून आला होता आणि अठ्ठेचाळीस फूट उंचीचं झाड कमी आहे हे एकालाही दिसलं नव्हतं. वर्गात पोरं पेरूचं चित्र काढत होती. परशरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कुणीतरी ओरडावं, "मास्तर, हे काय?" म्हणून हातातला कागद फेकून द्यावा, असं त्याला मनातून फार वाटत होतं हे त्याला आत्ता, 'ठीक' वाचल्यावर कळलं.

शाळेला पंचवीस वर्षं होत होती. एकोणीसशे शेहेचाळीसचा डिसेंबर; बेळगावात सकाळी नऊपर्यंत धुकं हटत नव्हतं, आणि मारुतीरावांच्या डोक्यातलं विमान तर दिवसभर हटत नव्हतं. लेझीम, कवायत, मुलांचे मनोरे हे सगळ्याच शाळा करतात. आपल्या मेळाव्याच्या शेवटी आभाळातून विमान उतरणार आणि त्यातून आपलाच विद्यार्थी बाहेर येणार, यापुढे बाकीच्या शाळांनी तोंडात बोट घालायचं. तो विद्यार्थी म्हणजे निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा मुलगा, सुकुमार बोरगावे. मुंबईला विमान चालवायला शिकला आणि आता एका संस्थानाच्या नोकरीत दोन माणसांचं लहान विमान उडवत होता. त्यानं पत्र पाठवलं होतं. जागा चारशे यार्ड लांब, शंभर यार्ड रुंद हवी. खड्डा, चर, दगड नको. लोक एकाच बाजूला, दोरीच्या मागं. मधोमध चुन्याचा गोल, आणि वारा कुठून येतो ते कळायला ओल्या गवताचा धूर. ज्या बाजूनं मी उतरेन त्या बाजूला झाड असेल, तर ते जेवढं उंच असेल त्याच्या पंधरापट अंतर सोडून जागा धरावी. पत्राच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'मी आधी येऊन जागा पाहू शकणार नाही. पण नकाशा परशराम सर काढणार असं कळलं, त्यामुळं काळजी नाही. सरांनी काढलं ते असतंच आणि असतं ते सर काढतातच.'

हे वाक्य मारुतीरावांनी शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि सगळे कौतुकानं हसले होते. परशरामला मात्र तेव्हा सुकुमार आठवला नाही, सुकुमारचा कावळा आठवला. पाचवीतला सुकुमार मागच्या बाकावर बसून कावळ्याला तीन पाय काढायचा. परशरामनं त्याला खिडकीपाशी नेऊन उभं केलं होतं. माहीत आहे ते काढू नकोस, हवं आहे तेही काढू नकोस, डोळ्याला दिसतं तेवढंच काढ. हे तो बावीस वर्षं प्रत्येक वर्गात सांगत आला होता. सांगून सांगून त्यातला अर्थ झिजून गेला होता, नुसती सवय उरली होती, आणि ती सवयसुद्धा नेमकी गेल्या सोमवारी मोडली. तास संपल्याची घंटा झाली. पोरांनी पेरू टेबलावर आणून टाकले. एकाच्या पेरूला देठ नव्हता, पण परशरामनं तो तसाच गठ्ठ्यात घातला.

जागा म्हणजे सांबऱ्याच्या रस्त्यावरचा माळ. शाळेचं मैदान मनोऱ्यांना पुरलं असतं, विमानाला नाही, आणि सांबऱ्याचं सरकारी विमानतळ शाळेच्या मेळाव्याला कोण देणार? माळ पाचशे वीस यार्ड लांब, सपाट, गवत वाळून बसलेलं. थंडीत वारा उगवतीकडून येतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. म्हणजे सुकुमार मावळतीकडून येणार. मावळतीच्या टोकाला माळ संपतो तिथं भरमाअण्णाचं शेत सुरू होतं. भरमाअण्णा परशरामचा थोरला भाऊ. आणि त्या शेताच्या बांधावर, माळाकडे तोंड करून, त्यांच्या बापानं लावलेला फणस होता. परशरामनं पंधरा दिवसांपूर्वी मष्णूला बरोबर घेऊन साखळीनं माळ मोजला. मग काठी रोवून तिची सावली आणि फणसाची सावली मोजून झाडाची उंची काढली. अठ्ठेचाळीस फूट. अठ्ठेचाळीसला पंधरानं गुणलं की सातशे वीस फूट, म्हणजे दोनशे चाळीस यार्ड. पाचशे विसातून दोनशे चाळीस गेले की राहिले दोनशे ऐंशी. हवेत चारशे. उगवतीला जागा वाढवावी तर पुढं ओढा. हिशेब कुणालाही समजेल असा सोपा होता. फणस राहील तर विमान नाही, आणि विमान उतरवायचं तर फणस नाही.

तो सावली मोजत असताना भरमाअण्णा बांधावर येऊन उभा राहिला होता. डोक्याला मुंडासं, हातात विळा. चार वर्षांत दोघं भाऊ समोरासमोर आले ते आईच्या तेराव्याला आणि त्यानंतर हे आत्ता. अण्णानं साखळीकडे बघितलं, मष्णूकडे बघितलं, आणि शेवटी भावाकडे.

"पुन्ना मोजाय लागलास व्हय?"

"मेळावा आहे शाळेचा, अण्णा. एक विमान उतरणार आहे. एका दिवसाचं काम. तुझ्या शेतात कुणी पाय ठेवणार नाही."

"मागल्या येळंलाबी लढाई संपूस्तवरच म्हनालते."

परशराम साखळी गोळा करायला लागला. अण्णानं विळ्याच्या टोकानं फणसाच्या सालीवरची वाळकी काडी उडवली. "आनि ह्येला?"

"फणसाला हात लागणार नाही."

"तू म्हनून काय हुतंय?" अण्णाच्या आवाजात राग नव्हता; रागाचे दिवस केव्हाच सरले होते. "कागद काय म्हनतोय ते बघू."

चार वर्षांपूर्वीचा कागदही परशरामच्याच हातचा होता. बेचाळीसात लढाईच्या कामासाठी सांबऱ्याच्या माळावर विमानतळ करायचं ठरलं, तेव्हा नकाशे उतरवून घ्यायला चांगल्या हाताची माणसं हवी होती. शाळेनं त्याला आठ महिने त्या कामाला दिलं. तंबूत टेबल, टेबलावर मेणकागद, बाहेर दिवसभर रूळ फिरल्याचा आवाज. त्या कामावरचा ओव्हरसिअर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "इथं काय आहे ते काढू नका मास्तर, काय होणार आहे ते काढा." परशरामनं तेच केलं. दोन सरळ रेघा ओढल्या आणि मधला कागद कोरा ठेवला. त्या कोऱ्या कागदात अण्णाची आठ एकर जमीन होती, खोप होती, बापानं स्वतः खणलेली विहीर होती. रेघ त्यानं ठरवली नव्हती. ती वरून आखून आली होती आणि त्याचं काम फक्त शाई भरायचं होतं. हे त्यानं स्वतःला हजार वेळा सांगितलं आणि हजार वेळा ते खरं होतं. पण तो नकाशा गावच्या चावडीत लावला तेव्हा अण्णा पुढं जाऊन बोटानं शोधायला लागला. सगळा गाव मागं उभा. "आमची हीर कुठाय ह्यात?" त्याला कुणीतरी म्हणालं, कागदावर न्हाई ती ऱ्हात न्हाई. अण्णा हसला होता, कारण ती हीर त्या सकाळीच त्यानं डोळ्यांनी बघितली होती, पाणी काठापर्यंत होतं. आठ दिवसांनी ती मुरमानं बुजवली. मुरूम पडत होता तेव्हा अण्णा तिथं उभा होता आणि परशराम तंबूत पेन्सिलीला टोक करत होता. त्याला तो आवाज ऐकू येत होता. आधी पाण्यात पडल्याचा, मग चिखलात, मग कोरडा.

नंतर अण्णानं भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला निदान शेवट असतो. तो नुसता बोलायचा थांबला. भावाच्या हातानं रेघ ओढली, एवढंच त्याला दिसलं होतं, आणि जे दिसतं तेच खरं हे तर परशरामचंच शास्त्र. जमिनीची वाटणी बापाच्या हयातीतच झाली होती आणि परशरामनं आपला हिस्सा अण्णालाच दिला होता, मला पगार आहे म्हणून. फणस मात्र बापानं वाटू दिला नव्हता. "जमीन वाटा, भांडी वाटा. फनस सामाईक ऱ्हाऊ द्या. एका झाडाची फळं खाल्ली की भाऊ भाऊ ऱ्हातात," म्हातारा म्हणाला होता. आणि खरंच, अबोल्याच्या चारी वर्षांत ज्येष्ठ लागला की गावाकडची गाडी बेळगावातल्या शहापुरात परशरामच्या भाड्याच्या दोन खोल्यांपुढं थांबायची. गाडीत निम्मे फणस. विषम संख्या आली तर शेवटचा कापून अर्धा. निरोप नाही, चिठ्ठी नाही. बायको, जया, म्हणायची, "भावजींनी पाठवलेत, म्हंजे अजून आपण त्यांच्यात आहोत." सगळी शहापूरची माग चालवणारी आळी आठ दिवस फणसाच्या वासानं भरून जायची. परशराम गरे खाता खाता मनात म्हणायचा, एवढा एक धागा आहे, हा तरी कुणी कापू नये.

तर गेल्या सोमवारी संध्याकाळी तो शाई भरायला बसला तेव्हा हे सगळं त्या टेबलाभोवती होतं. माळाची कड झाली, ओढा झाला, दोरी कुठं बांधायची ते झालं. बांध आला. त्यानं बांध काढला, कुंपण काढलं, अण्णानं मागाहून खणलेली नवी हीर काढली. झाडाची खूण म्हणजे एक छोटा गोल आणि त्याखाली देठ, दोन सेकंदांचं काम. त्यानं टाक दौतीत बुडवला. तो गोल काढला की मारुतीराव विचारणार, उंची किती? उंची लिहिली की कमिटीतला कुणीही शहाणा हिशेब करणार. मग परवानगी, दोन माणसं, करवत. पुन्हा त्याच हातानं. टाकावरची शाई वाळली. त्यानं टाक खाली ठेवला आणि स्वतःला म्हणाला, उद्या काढू. लबाडी म्हणतात ती अशीच, पाहुण्यासारखी, एका रात्रीपुरती म्हणून घरात येते. सकाळी मारुतीरावांनी वाटेतच नकाशा मागितला आणि त्यानं दिला.

बुधवारचा उरलेला दिवस आणि सगळा गुरुवार त्यानं कसा काढला ते त्याला सांगता आलं नसतं. शाळेत जिकडं तिकडं लेझीम वाजत होती. डोळे मिटले की त्याला मावळतीकडून येणारा सुकुमार दिसायचा. खाली बघत, नकाशा मनात धरून, निर्धास्त. सरांनी काढलं ते असतंच. पण असतं ते सरांनी काढलं नव्हतं. दिवसाउजेडी एवढं मोठं झाड वैमानिकाला दिसणार नाही का, असं तो स्वतःची समजूत घालायचा. मग आठवायचं की मेळावा रविवारचा, दुपारचे चार वाजतील, धूर असेल, खाली हजार माणसं टोप्या हलवत असतील, आणि ज्याला सांगितलंय की तिथं काही नाही तो तिथं बघतोच कशाला? आपण स्वतः बघितलं असतं का? भावाचं झाड वाचवायला आपण दुसऱ्याच्या मुलाचा जीव टांगून ठेवलाय, हे वाक्य एकदा पुरं मनात आलं तेव्हा तो खडेबाजारात उभा होता. मागून टांगेवाला "ओ मास्तर, सरका की!" म्हणून ओरडला. घोड्याचं तोंड त्याच्या खांद्याला घासून गेलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत तो मारुतीरावांच्या खोलीत गेला. सांगायचंच म्हणून गेला होता. मारुतीराव पाहुण्यांची यादी करत होते, एकीकडे बँडवाल्याशी कानडीत घासाघीस चालली होती.

"या या, परशराम! नकाशा काय काढलाय हो! तुमच्याकडे परत धाडायच्या आधीच त्या नव्या मास्तरांकडून त्याच्या दोन प्रती करून घेतल्या मी, आणि काल मष्णूबरोबर एक तुमच्या गावच्या पाटलांकडे धाडली. माळ गावचा पडला ना. चावडीत लावा म्हटलं, म्हणजे लोकांना कुठं बसायचं ते कळेल."

"सर, त्या नकाशात एक गोष्ट..."

"काही बदलू नका आता," मारुतीराव हात जोडून म्हणाले. "दुसरी प्रत सुकुमारला गेलीय पोस्टानं. आता ह्यात रेघ इकडची तिकडं झाली तर तो येणार नाही, आणि मी कमिटीला तोंड दाखवू शकणार नाही. काय म्हणत होता तुम्ही?"

"काही नाही. दोरी जरा जास्त लागेल."

"लागू दे की!"

बाहेर आल्यावर त्याला स्वतःची किळस आली. एक वाक्य होतं. तिथं एक झाड आहे. पाच वर्षांच्या पोराला बोलता येईल असं वाक्य. त्यासाठी तोंड उघडलं आणि त्यातून दोरी निघाली. नकाशा गावात गेलाय हे त्यानं ऐकलं होतं, पण ते कानावरून गेलं. डोक्यात सुकुमार होता, पोस्टाची थैली होती, आणि आता काही बदलता येणार नाही याची, सांगायला लाज वाटेल अशी, थोडीशी सुटकाही होती.

शुक्रवारी सकाळी दाढी करताना त्याला वाट सापडली. फणसाच्या शेंड्याला लाल कापड बांधायचं. मोठं, लांबून दिसेल असं. सुकुमारला दिसेल, तो वरून येईल, जरा पुढं उतरेल. दोनशे ऐंशी यार्डांत जमलं तर उतरेल, नाही जमलं तर एक फेरी मारून निघून जाईल. फजिती होईल. होऊ दे. नोकरीवर येईल. येऊ दे. झाड राहील आणि पोरगा राहील. इतकं सोपं होतं आणि चार दिवस सुचलं नव्हतं. त्याला हसू आलं आणि वस्तऱ्यानं हनुवटी कापली.

"तुझं ते लाल शहापुरी लुगडं देतेस का? जुनं?" त्यानं जयाला विचारलं.

"कशाला? शाळेच्या पोरांना सोंगं काढायला?"

"झाडाला बांधायला."

जयानं पेटीच्या तळातून लुगडं काढलं, पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "फाटलं तर फाटू दे. पण तुमचं तोंड आज माणसासारखं दिसतंय ते बरं झालं."

शनिवारी शाळा अर्धी. बारा वाजता तो सायकलीवर निघाला. लुगडं मागच्या कॅरिअरला बांधलेलं. ऊन मऊ होतं. बाजूनं उसाच्या गाड्या जात होत्या. त्यानं मनात वाक्यं जुळवली. अण्णा, मी तो मुद्दाम काढला नाही. अण्णा, कागदानं एकदा नेलं म्हणून या खेपेला मी कागदालाच फसवलं. हे ऐकून अण्णा काय म्हणेल? बहुतेक काहीच म्हणणार नाही. पण शेंड्यावर चढायला तोच लागेल, परशरामला आता चढता येत नव्हतं. आणि एकानं चढायचं, एकानं खालून लुगडं द्यायचं, तेवढ्यात दोन शब्द होतीलच. वर बांधलंस का? बांधलं. घट्ट आहे का? हाय. चार वर्षांनंतर एवढंही पुष्कळ झालं. माळाच्या वळणावर तो नेहमी मान वर करायचा. लहानपणापासूनची सवय होती, गावाकडे येताना पहिल्यांदा फणस दिसायचा, मग देवळाचा कळस. त्यानं मान वर केली. कळस दिसला.

तो सायकलीवरून उतरला. क्षणभर त्याला वाटलं, आपण चुकीच्या वळणावर आलो. मग ओळखीचं कुंपण दिसलं, हीर दिसली, आणि त्यांच्या वर नुसतं आभाळ दिसलं, नकाशात होतं अगदी तसं, कोरं. बांधावर पानांचा ढीग पडला होता. पिवळंधमक लाकूड उन्हात चमकत होतं, आणि अण्णा ओंडक्यावर बसून कुऱ्हाडीचं पातं पुसत होता. वहिनी मालुबाई वाटीत तेल घेऊन त्याच्या हातांचा चीक काढत होती. दोघांनी वर बघितलं.

"आलास?" अण्णा म्हणाला. परशरामला त्या आवाजाची ओळख पटायला वेळ लागला. हा आवाज चार वर्षांपूर्वीचा होता. "बस. मालू, ह्येला पानी दे."

"अण्णा, हे काय केलंस?"

"परवा दिशी चावडीत बघितला कागद. हीर हाय, कुंपन हाय, बांध हाय. समदं नीट काढलंयस. फनस न्हाई. म्हटलं, झालं. मागं हिरीचं झालं तसंच." अण्णानं तेलकट हात धोतराला पुसले. "त्येंची मानसं येनार, करवत लावनार, लाकूड त्येंच्या गाडीत जानार. आपल्या बानं लावल्यालं झाड. त्यापरास आपल्याच हातानं पाडलेलं बरं. काल दीसभर मी आनि शेजारचा भावकू, दोघं लागलोतो."

"अण्णा, मी तो काढला नाही, कारण..."

"ठावं हाय की मला." अण्णानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. जड, चिकट हात. "तोंडानं सांगायची सोय नसतीय तुमच्या नोकरीत. मागल्या येळंला तू कायबी कळवलं न्हाईस, त्येचाच राग हुता माझ्या मनात. हिरीचा न्हवं. ह्या येळंला तू कागदातनं का हुईना, आधी कळवलंस. लाकूड तर वाचलं. भाऊ हायेस म्हनून कळवलंस."

मालुबाईनं डोळ्याला पदर लावला. "कालपासनं दहादा म्हनालेत, परश्यानं कळवलं बघ. चार वरसांत तुमचं नाव घरात निगालं न्हवतं, भावजी."

परशरामच्या तोंडात वाक्य तयार होतं. वाटभर जुळवलेलं, अगदी व्यवस्थित. ते सांगितलं की झाड पुन्हा उभं राहणार नव्हतं. फक्त अण्णाचा हात गुडघ्यावरून उठणार होता. अण्णाला कळणार होतं की ज्या फणसाला कुणी हात लावणार नव्हतं तो त्यानं स्वतः, दिवसभर घाम गाळून, विनाकारण पाडला. परशरामनं वाक्य गिळलं. मागं दोरीचं खोटं बोलला होता तेव्हा निदान किळस तरी आली होती. आता आलं ते नुसतं रडू, आणि ते अण्णाला वेगळ्याच कारणाचं वाटलं.

"रडतोस काय येड्यावानी? चल, भाकरी खा. वांगं केलंय." आणि मग, सायकलीकडे बघून, "ते तांबडं काय आनलंयस?"

"जयानं वहिनींना लुगडं पाठवलंय," परशराम म्हणाला.

रविवारी चार वाजता विमान आलं. माळ माणसांनी फुलला होता, धूर सरळ मावळतीकडे कलला होता, दोरी शिस्तीत ताणलेली होती. आधी आवाज, मग एक ठिपका, मग पंख. परशराम चुन्याच्या गोलापासून ठरलेल्या अंतरावर हिरवं निशाण घेऊन उभा होता. विमान बांधावर आलं तेव्हा इतकं खाली होतं की चाकांची सावली अण्णाच्या हिरीवरून सरकताना दिसली. जिथं शेंडा असायचा त्या जागेतून, त्या हवेतून, ते सरळ आत आलं. फणस असता तर. लाल लुगडं असतं तरी. कुणास ठाऊक. चाकं गवताला लागली, उसळली, पुन्हा लागली. माणसांनी इतका मोठा आवाज केला की बँड वाजतोय की नाही ते कळेना.

सुकुमार खाली उतरला, चष्मा कपाळावर सारला आणि गर्दीतून सरळ परशरामकडे येऊन त्याच्या पाया पडला. आता तो चांगला उंच झाला होता; हनुवटीवरची लहानपणची खूण मात्र तशीच होती. "सर," तो मारुतीरावांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "वरून नकाशा आणि जमीन ताडून बघितली मी. एका रेघेचा फरक नाही." मारुतीरावांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की नकाशा काचेच्या चौकटीत घालून शाळेच्या कचेरीत लावायचा. टाळ्या झाल्या. दोरीच्या मागं, पहिल्या रांगेत, भरमाअण्णा उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. शेजाऱ्याला बोटानं दाखवत होता, तो निशाणवाला माझा भाऊ.

मंगळवारी सकाळी शहापुरात दारापुढं गावाकडची गाडी थांबली. डिसेंबरात गाडी बघून आळीतली माणसं बाहेर आली. गाडीत फणसाचं लाकूड होतं. बुंध्याचे चार तुकडे, फांद्यांच्या दोन मोळ्या, आणि एक तुकडा मधोमध उभा चिरलेला. भावकू गाडी हाकत आला होता. लाकूड भिंतीला लावून ठेवताना तो म्हणाला, "निम्मं हाय, मास्तर. अण्णांनी सोता वाटनी केलीया. इषम तुकडा चिरून घेतला. बघून घ्या म्हनालेत."

"बरोबर आहे," परशराम म्हणाला.

गाडी गेली. शेजारच्या घरात माग सुरू झाला. जया उंबऱ्यात उभी राहून त्या पिवळ्या लाकडाकडे बघत होती. तिनं एका तुकड्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. चीक अजून ओला होता.

"आता ज्येष्ठात काय पाठवतील हो भावजी?" तिनं विचारलं.

परशराम तेलाची बाटली आणायला आत गेला.